डॉक्टरांना 'माफी' मिळालेली नाही

'नव्या कायद्याने डॉक्टरांना संरक्षण दिलंय, आता पेशंट दगावला तरी केस होत नाही' हा मेसेज पुन्हा फिरतोय. खरं नाही. डिसेंबर 2023 मध्ये लोकसभेत अमित शहांनी डॉक्टरांना सूट देण्याची भाषा केली होती, गोंधळ तिथूनच सुरू झाला. मंजूर झालेलं कलम वाचा: भारतीय न्याय संहिता, 106(1), 1 जुलै 2024 पासून लागू. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास इतरांना 5 वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं घडल्यास 2 वर्षांपर्यंत, शिवाय दंड. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्येही कमाल 2 वर्षंच होती! म्हणजे डॉक्टरांसाठी कैदेची कमाल मुदत वाढली नाही, एवढंच.

हां, फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अतिशय गंभीर स्वरूपाचा लागतो आणि तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय. उपचार फसला म्हणजे गुन्हा झाला, असं नाही.

भरपाईसाठी ग्राहक आयोग आहेच. तक्रार करायची मुदत 2 वर्षं. ॲडमिट करताना घाईघाईत केलेली संमतीपत्रावरची सही भरपाई मागण्याच्या आड येत नाही. केसपेपर मात्र आधी लेखी मागा, 72 तासांत द्यावे लागतात.