‘जीन झोपवणाऱ्या’ आरएनएच्या मेसेजवर विसंबून शेक थांबवू नका

गेल्या आठवड्यात नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: “कॅन्सरचा जीन कायमचा झोपवणारं आरएनए औषध निघालं आहे. २००६ साली त्याला नोबेल मिळालं, पण केमोचा धंदा बुडेल म्हणून कंपन्यांनी ते दाबून ठेवलं. एका इंजेक्शनात गाठ विरघळते. तेच आरएनए आता वनस्पतींच्या थेंबांतून मिळतं. केमो आणि शेक घेऊन शरीर जाळू नका.” खाली तीन बाटल्यांच्या कोर्ससाठी मोबाइल नंबर.

मी कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवते. एरवी असं काही आलं की पुसून टाकते. हे पुसलं नाही, कारण शेजारच्या काकांनी याच्यापायी शेक, म्हणजे रेडिएशन, थांबवला. काका ऑटो चालवायचे. सकाळी पानठेल्यावर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटून घ्यायचा, पन्नी खिशात टाकायची आणि दिवसभर चालवायची, असं बावीस वर्षं चाललं. गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तीस दिवसांचा शेक आणि आठवड्यातून एकदा केमो ठरली. अकरा शेक होईस्तोवर तोंड आतून सोललं, गुरगुट्या भातही गिळवेना. नेमकं तेव्हाच मुलाने मोबाइल पुढे केला. मला म्हणाला, “मॅडम, याच्यात तर नोबेल लिहून आहे. खोटं काहून लिहीन कोणी?”

नोबेल खरं आहे. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूत्रकृमीत दाखवलं की दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत सोडला, तर त्याच्याशी जुळणाऱ्या जीनचं काम थांबतं. जीन, म्हणजे प्रथिन बनवण्याची डीएनएमधली सूचना, जागच्या जागीच राहतो, पण त्याच्याकडून निघालेली निरोपाची प्रत, म्हणजे मेसेंजर आरएनए, वाटेतच कापली जाते आणि प्रथिन बनत नाही. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने एकवीस अक्षरांचे छोटे तुकडे वापरून हेच माणसाच्या पेशींत करून दाखवलं. वर्गात हा धडा शिकवताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, इतकी ही गोष्ट सुंदर आहे. म्हणूनच तिच्या नावावर बाटल्या विकलेल्या मला सहन होत नाहीत.

“एका इंजेक्शनात गाठ विरघळते.” आरएनएचा हा छोटा तुकडा गाठीपर्यंत पोचवणं हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. नुसता आरएनए शिरेत सोडला, तर रक्तातली विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात आणि उरलेला मूत्रपिंडं काही मिनिटांत गाळून टाकतात. पेशीपर्यंत पोचला तरी त्याच्यावर ऋण विद्युतभार असल्याने पेशीचा पडदा त्याला आत घेत नाही. चरबीच्या कणात गुंडाळून दिला, तर पेशी तो कण एका पिशवीत ओढून घेते, पण त्या पिशवीतून निसटून कामाच्या जागी पोचणारा हिस्सा अगदी थोडा असतो.

यकृताचं मात्र वेगळं आहे. चारी दिशांच्या गाड्या जशा नागपूरवरून जातात, तसं शरीरातलं बरंच काही यकृतातून जातं. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बारीक भोकं असतात, आणि यकृताच्या पेशींवर एका विशिष्ट साखरेला धरून आत घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ती साखर आरएनएला जोडली की तो बरोबर तिथे उतरतो. म्हणूनच या जातीचं पहिलं औषध, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान (ते साखरेने नाही, चरबीच्या कणातून पोचतं), यकृतात बनणाऱ्या एका सदोष प्रथिनासाठी आहे. नंतर आलेली पोर्फिरिया या आनुवंशिक आजाराची, शरीरात ऑक्झॅलेट वाढण्याच्या आजाराची, कोलेस्टेरॉलची औषधंही यकृतातच काम करतात. गालातली किंवा जिभेवरची गाठ या वाटेवर येत नाही. कॅन्सरसाठी मान्यता मिळालेलं असं एकही औषध आज जगात नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं मात्र नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांना शिरेतून आरएनए भरलेले बारीक कण दिले आणि गाठीच्या तुकड्यात ते पोचल्याचं दाखवलं. एका रुग्णात तर निरोपाची प्रत नेमक्या जागी कापली गेल्याचा पुरावाही मिळाला. तो पुरावा जीन दबल्याचा होता, रोग गेल्याचा नव्हता. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत ४१ रुग्णांपैकी गर्भाशयाच्या कॅन्सरच्या एका बाईंच्या यकृतातल्या गाठी पूर्ण गेल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण आशेला जागा आहे आणि ती मला झाकायची नाही. पण बाकीच्या ४० जणांनाही विसरता येत नाही.

“कॅन्सरचा जीन.” मेसेजमधली माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. कॅन्सरचा असा एक जीन नसतो. काही जीन ॲक्सिलरेटरसारखे असतात, बिघडले की दाबलेलेच राहतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधला केरास तसा. अशा ठिकाणी जीन गप्प करण्याला अर्थ आहे. काही जीन मात्र ब्रेक असतात. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त बिघडलेला सापडतो तो टीपी५३, आणि तो ब्रेक आहे. हा आरएनए फक्त बंद करू शकतो, तुटलेलं जोडू शकत नाही. काकांच्या मुलाला मी ऑटोवरूनच सांगितलं, ब्रेक फेल झालेल्या गाडीचा ब्रेक आणखी बंद करून काय होणार? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे आमच्या बाबाच्या बिमारीवर हे चालूनच नाही राहिलं.”

“कायमचा झोपवणारं.” डीएनएला हात लागत नाही, म्हणून परिणाम ओसरतो. कोलेस्टेरॉलवरच्या इन्क्लिसिरानचं इंजेक्शनही वर्षातून दोनदा घ्यावं लागतं, तेही यकृताच्या पेशी सावकाश बदलतात म्हणून इतकं टिकतं. कॅन्सरच्या पेशी सतत दुभंगत असतात. दर फेरीला आतला आरएनए निम्मा होतो.

“कंपन्यांनी दाबून ठेवलं.” मर्क कंपनीने २००६ मध्ये या तंत्रावर काम करणारी सिर्ना ही कंपनी सुमारे ११० कोटी डॉलरला घेतली आणि २०१४ मध्ये ते काम जेमतेम साडेसतरा कोटींच्या मोबदल्यात दुसऱ्या कंपनीला दिलं. रोश या कंपनीने २०१० मध्ये या क्षेत्रातून अंग काढून घेतलं. आरएनए मुक्कामी पोचत नाही म्हणून हात पोळलेल्या कंपन्या आहेत या. दाबून ठेवण्याजोगं तयार औषध त्यांच्याकडे असतं, तर त्यांनी ते विकलं असतं.

आता थेंब. आपण खातो त्या प्रत्येक भाजीत, डाळीत, भाकरीत आरएनए असतोच. स्वादुपिंडातून येणारं रिबोन्यूक्लिएज हे विकर आतड्यात त्याचा चुरा करतं. हे विकर इतकं चिवट की उकळूनही पुरतं मरत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आरएनएवर काम करताना मुलं हातमोजे घालतात, कारण बोटांवरच्या घामातही हे विकर असतं. नमुना बर्फात ठेवायचा आणि रात्री उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. एकदा एका मुलीने मोज्याच्या हातानेच केस मागे सारले आणि तसंच काम पुढे नेलं. दुसऱ्या दिवशी आरएनए तपासायच्या जेलवर पट्ट्यांऐवजी नुसता धूसर डाग होता, म्हणजे आरएनएचा चुरा झाला होता. आणि इकडे नागपूरच्या मे महिन्यात, कुरियरच्या डब्यातून आलेल्या तपकिरी बाटलीत आरएनए शाबूत राहतो म्हणे! २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी भातातला एक छोटा आरएनए माणसाच्या रक्तात सापडल्याचं लिहिलं होतं, थेंबवाले बहुधा त्याच्याच आधाराने बोलतात. पुढच्याच वर्षी इतर गटांनी तपासलं, तेव्हा ते सिद्ध झालं नाही.

“केमो आणि शेक घेऊ नका.” इस्रायलमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर आरएनएची एक चाचणी झाली. केरास गप्प करणारा आरएनए विरघळणाऱ्या बारीक कांडीत भरून थेट गाठीत ठेवला. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १५ रुग्ण होते, आणि आरएनएबरोबर त्यांना केमोही दिली गेली. ज्यांनी हे औषध हाताने बनवलं त्यांनी केमो सोडायला सांगितली नाही, आणि हा अनोळखी मोबाइल नंबर सांगतो.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेकाचा खंड फार महागात पडतो. उपचार लांबला की उरलेल्या पेशी उलट जोमाने वाढायला लागतात, म्हणून एकेक दिवस मोजला जातो. त्रास होतोय हे डॉक्टरांना सांगावं. तोंड बधिर करणारी गुळणी, दुखण्याची औषधं, गरज पडली तर नाकातून नळी, असे उपाय आहेत. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेक आणि केमो दोन्ही बसतात. आणि कुणी “आरएनएची ट्रायल चालू आहे” म्हटलं, तर त्याला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून आपल्याकडे औषधाच्या चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे.

काका चार दिवस गेले नव्हते. पाचव्या दिवशी मी आणि त्यांचा मुलगा त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, बुडालेले दिवस शनिवारी भरून काढायचं ठरवलं. शेकाच्या वेळी चेहरा हलू नये म्हणून घालायचा काकांचा जाळीचा मास्क फळीवर तसाच होता, गालाच्या जागी निळ्या पेनाची फुली मारलेली. तंत्रज्ञाने तो त्यांच्या चेहऱ्यावर बसवला आणि कडेची बटणं एकेक करून दाबली. बाहेर आले तेव्हा कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते. अजून अठरा शेक बाकी आहेत.