सनई ११२ नंबरच्या घरात राहते

लातूर-परभणीकडच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात कीबोर्डमधून सनईऐवजी बकरीच्या गळ्यातली घंटी वाजली, तर मी वाजवणाऱ्याला बोल लावत नाही. मांडवातून "काय वाजायलंय ओ हे?" येतंच. दोष शून्याचा, आणि शून्य आपलंच, तेव्हा तक्रार करावी कुणाकडं?

मिडी म्हणजे कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा. आवाजांना ठरलेले नंबर देणाऱ्या १९९१ च्या तिच्या जनरल मिडी यादीत सनई ११२ वी. कीबोर्डचा पडदा १ पासून मोजतो, काही सॉफ्टवेअरं ० पासून. तिथं ११२ टाकलं की कीबोर्ड ११३ काढतो, आणि ११३ म्हणजे टिंकल बेल. सतार १०५ ची. एक घर सरकली की बँजो. १२७ ला टाळ्या आहेत, १२८ ला बंदुकीचा बार. तेवढं जपून.

मुळात सॉफ्टवेअर आवाज लक्षात ठेवतच नाही, घर नंबर ठेवतं. गाण्याची फाइल सेव्ह केली म्हणजे टोन सेव्ह झाला, हे सातबारा कपाटात आहे म्हणून ज्वारी कणगीत आहे असं धरून चालण्यासारखं. त्या घरात मधल्या काळात कुणी हलगी आणून बसवली असेल, तर भैरवीतसुद्धा हलगीच.

नंबर पाठवायलाही मानपान आहे. आधी कंट्रोलर ० आणि ३२ या मिडी निरोपांनी बँक, म्हणजे टोनांचा गठ्ठा, मग प्रोग्रॅम नंबर, म्हणजे त्यातलं घर. उलटं केलं की जुन्याच बँकेतला टोन लागतो आणि नवी बँक पुढच्या नंबरापर्यंत उंबऱ्यावर ताटकळते. हे सगळं पहिल्या सुराच्याच ठोक्यावर कोंबलं, तर तो सूर जुन्या टोनमध्ये निघून जातो. गाण्याआधी एक बार, म्हणजे तालाचं एक माप, मोकळा ठेवा. त्यात बँक, किंचित मागून नंबर, आणि सूर पुढच्या बारला.

खरा आवाज जपायचा तर सिसेक्स डंप, म्हणजे यंत्रातल्या टोनांची माहिती एका लांब मिडी निरोपात बाहेर काढून ठेवणं. १९८३ च्या यामाहा डीएक्स ७ या कीबोर्डची ३२ टोनची बँक बरोबर ४१०४ बाइटची. मिडीच्या वायरीतून सेकंदाला ३१२५ बाइट जातात, म्हणजे सव्वा सेकंदाहून थोडं जास्त. फाइल ४१०३ ची निघाली तर ती पुसून टाका, तिची दया नको. पहिला बाइट एफ० (निरोप सुरू), शेवटचा एफ७ (निरोप संपला) हवा. स्वस्तातल्या काही यूएसबी-मिडी वायरी लांब निरोप अर्ध्यात तोडतात. सूर मात्र नीट पोचवतात, म्हणून संशय वायर सोडून सगळ्यांवर जातो. टोन परत भरताना मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे यंत्राच्या मेमरीचं कुलूप, काढावं लागतं. आणि एका संबळासाठी अख्खी बँक पाठवली की आतले ३२ च्या ३२ गेले. आधी आतलं बाहेर, मग बाहेरचं आत.

टोनच्या नावाला जागा दहा अक्षरांची, त्यातही देवनागरी नाहीच. पेनड्राइव्हवर जागाच जागा, तर तिथं आपण लिहितो 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल हाच'. फाइलच्या नावात यंत्र, बँक आणि तारीख घालावी. (सांगतो सगळ्यांना, करत मीही नाही.)

जुन्या यंत्रातले टोन नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीवर जगतात. लाईट गेली तरी त्यांना काही होत नाही. बॅटरी काढली की मात्र संपले. डीएक्स ७ मध्ये ती डाख देऊन बसवलेली असते, म्हणजे यंत्र उघडणं आलं. दुरुस्तीवाला "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाला, की त्याच्या हातात कीबोर्ड द्यायच्या आधी ४१०४ मोजून घ्या.