घाट कुणाचा?

मलेशियातल्या फ्रेझर्स हिलचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि अर्ध्या तासात इंदूरहून आतेभावाचा मेसेज आला, "इंग्रजांनी स्वतःच्या हवापालटासाठी वसवलेलं गाव. तिथे सहली कसल्या काढता?" अशा गावांची नावं बदलावीत, नाहीतर ती पडू द्यावीत, असं त्याचं म्हणणं. तीन दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

क्वालालंपूरच्या आम्ही अकरा मराठी घरांनी ही सहल काढली. पायथ्याच्या कुआला कुबू भारूला नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, खाऊन 'गॅप' नावाच्या जागेवरून वर चढलो. दगडी बंगले, घड्याळाचा मनोरा आणि चहूकडे पावसाळी जंगल. पायवाटेवर एका काकूंच्या मोज्यात जळू निघाली, शेंगदाण्याएवढी फुगलेली. मीठ टाकल्यावर गळून पडली, रक्त मात्र दुपारपर्यंत थांबेना.

लुई जेम्स फ्रेझर हा स्कॉटिश माणूस, कथिलाच्या धंद्यातला. तो पुढे कुठे नाहीसा झाला कोण जाणे. १९२२ साली इथे थंड हवेचं ठिकाण सुरू झालं. १९५७ला देश स्वतंत्र झाला, तरी मलय भाषेत आजही 'बुकित फ्रेझर'च. क्वालालंपूरच्या रस्त्यांची नावं बदलली, हे मला माहीत आहे. टेकडीचं राहू दिलं, एवढंच मी म्हणतोय.

आणि इंदूरजवळच्या आपल्या पातालपानीच्या रेल्वेघाटाचं काय? त्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज दिलं, म्हणून ती आपण होळकरांची म्हणतो. बरोबरच आहे. २०१८पासून तिथे हेरिटेज गाडी धावते, आणि दर पावसाळ्यात हाच आतेभाऊ खिडकीतून व्हिडिओ पाठवतो. तिथे त्याला इंग्रज आठवत नाही.

मलायातल्या रस्त्यांवर तमिळ मजुरांनी घाम गाळला. वर तेह तारीक, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा, देणाऱ्या आजींचे वडील त्यांतलेच. "गाव आमचंच," त्या म्हणाल्या आणि मला विचारलं, "तुझं कोणतं?"

बावीस वर्षं इथे राहतोय, तरी तोंडून निघालं, "इंदूर." शेजारी उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, "चेरास." क्वालालंपूरचाच एक भाग. पटकन म्हणाली, काही विचार न करता. मला वाईट वाटलं आणि तिचा हेवाही वाटला.

पातालपानीच्या त्या गाडीत मी अजून एकदाही बसलेलो नाही. आतेभाऊ बसतो. त्याच्याशी भांडताना माझा आवाज चढतो तो त्यामुळेच.