आष्ट्यात आष्टेकर नाहीत

पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोह्याची बशी खाली ठेवत विचारलं, "मूळ गाव कोणतं म्हणायचं?"

आष्टेकरांना हा प्रश्न! आत्या म्हणाली, "आष्टा. दुसरं कुठलं असणार?"

"माझी सासुरवाडी आष्ट्याचीच. तिथं एकही आष्टेकर ऐकला नाही."

चहाचं आधण गॅसवर तसंच राहिलं आणि पाहुणे गेल्या गेल्या मी कामाला लागलो.

आत्याची भिस्त जनगणनेवर. "१८८१ पासून माणसं मोजतायत, आपला राघूपणजोबा काय सुटतोय?" सुटला नसेलही. पण छापील खंडांत नुसत्या बेरजा, आणि घरोघरी भरलेले कागद कायद्यानंच कुणाला बघायला मिळत नाहीत. पणजोबा 'पुरुष' या रकान्यात आहेत. एक नग.

मग रद्दीवाल्याकडून जुनी टेलिफोन डिरेक्टरी आणली. इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेनं आष्टेकर तीन जागी पांगलेले. पहिला नंबर बंद. दुसऱ्यावर पिठाची गिरणी ("दळण संध्याकाळी मिळेल"). तिसरा ओळखीचा वाटला. आमचाच होता, आजोबांच्या नावावर.

शेवटी गावचं जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. आता आष्टा पडलं सांगली जिल्ह्यात, आणि तो जिल्हा जन्मला १९४९ साली, तोही दक्षिण सातारा या नावानं. सांगली हे नाव लागलं १९६० ला. त्यामुळे सांगलीत म्हणतात, "जुनं साताऱ्यात बघा," आणि साताऱ्यात म्हणतात, "ते सांगलीकडं गेलं." चार खेपांनंतर नकला हातात पडल्या, त्या मोडी लिपीत. आधी सलग रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. काठीवर वाळत घातलेल्या शेवयाच.

मोडी वाचणारे गुरुजी पानामागे पैसे घेतात. भिंग सरकवत त्यांनी वाचलं, "राघू बिन तुका. म्हणजे तुकाचा मुलगा राघू."

"हेच! आडनाव?"

"आडनाव कुठाय? अहो, आष्ट्यात राहून आष्टेकर कोण म्हणवून घेईल? तिथं सगळेच आष्ट्याचे. गाव सुटलं की चिकटतं ते."

आत्याला हे ऐकवायला मी फोन लावलाच होता, तेवढ्यात गुरुजींचं भिंग शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं. "मूळ राहणार तासगाव."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आत्या म्हणाली, "पाहुण्यांना बोलू नकोस. आणि गुरुजींना त्या पानाचे पैसे देऊ नकोस."