बिलियर्ड्स खेळणारा ‘मरणासन्न’ मोझार्ट

मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्तोमधल्या (क्लॅरिनेट हे फुंकवाद्य आघाडीला आणि साथीला वाद्यवृंद, अशी ही रचना) संथ भागाची क्लिप पुन्हा फिरतेय. तिच्याखालचा मजकूर साधारण असा: ‘मृत्युशय्येवर लिहिलेली ही मोझार्टची शेवटची रचना. विलापासाठी त्याने मुद्दाम मायनर पट्टी निवडली आणि लय ठेवली मिनिटाला बरोबर साठ ठोके, शांत हृदयाची. डोळे मिटून ऐका, त्याला मरण दिसत होतं हे कळेल.’

डोळे मिटायला माझी हरकत नाही. बाकी जवळजवळ प्रत्येक शब्दाला आहे.

आधी ते ‘मायनर’, म्हणजे कोमल गंधाराची, एरवी उदास मानली जाणारी पट्टी. हा भाग डी मेजरमध्ये आहे. पेटीवर पांढरी दोनला सा धरा आणि सगळे स्वर शुद्ध घ्या, झाली पट्टी तयार. धून खालच्या पंचमावरून निघते, प-सा-ग असं चढून हलकेच उतरते. दुसऱ्या खेपेला तीच वाट धरून वरच्या पंचमापर्यंत पोचते. कोमल गंधाराचा पत्ता नाही. पुढे एखादा मायनर स्वरसंघ (एकत्र वाजणारे स्वर) डोकावून जातो, पण तिथे मुक्काम कुठेच नाही. ऐकून गळा दाटला म्हणजे सूर कोमलच असणार, ही आपली सवय इथे तोंडघशी पाडते. आणि त्या काळी डी मेजरची ख्याती तरी रडकी होती का? श्यूबार्ट या जर्मन कवी-संगीतकाराने १७८० च्या दशकात एकेका पट्टीचा स्वभाव लिहून ठेवला होता. त्याच्या लेखी डी मेजर म्हणजे विजय, जयघोष, रणगर्जना! (पट्टीवरून भाव ठरवणारे तेव्हाही होते आणि तेव्हाही चुकत होते.)

मग गळा दाटतो कशाने? माझ्या मते वाद्यांच्या मांडणीने. क्लॅरिनेट आठ मात्राखंड (तालाची आवर्तनं) तंतुवाद्यांच्या मंद साथीवर एकटंच, मऊ आवाजात म्हणतं. मग तेच सगळा वाद्यवृंद भरल्या आवाजात उचलतो. पुन्हा आठ, पुन्हा तसंच. एकट्याचं मनातलं बोलणं चारचौघांनी आपलंसं करावं, तसा हा प्रकार. शिवाय या कॉन्चेर्तोत ओबो ही तीक्ष्ण आवाजाची फुंकवाद्यं नाहीतच, फक्त बासरी, बासून (खर्जातलं फुंकवाद्य), हॉर्न आणि तंतुवाद्यं, त्यामुळे आवाजाला टोचणारी धार उरत नाही. मधल्या भागात क्लॅरिनेट वरच्या उजळ स्वरांतून एकदम खालच्या घोगऱ्या, काळोख्या स्वरांत उतरतं. या उड्या खास आंतोन स्टॅडलर या क्लॅरिनेटवादकासाठी आहेत. त्याच्याकडचं बॅसेट क्लॅरिनेट नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा चार अर्धस्वर खाली जायचं, आणि खालच्या स्वरांतलं त्याचं वादन नावाजलेलं होतं. मूळ हस्तलिखित हरवलं. १८०१ च्या सुमारास कॉन्चेर्तो छापला तो साध्या क्लॅरिनेटला जमेल असे बदल करून, म्हणून त्या खालच्या स्वरांतलं काही आजही बऱ्याच ध्वनिमुद्रणांत ऐकू येत नाही. मधला भाग संपता संपता सगळे थांबतात, एकट्या क्लॅरिनेटला अवकाश मिळतो आणि पहिली धून परत येते. तिथे हुरहूर लागतेच. पण ती परत येण्याची हुरहूर आहे. त्यात मरण शोधायचं काय कारण?

आता साठ ठोके. मोझार्टने लिहिलंय फक्त ‘अडाजिओ’, म्हणजे संथ, आणि ताल तीन-चार. मिनिटाला अमुक ठोके हे लिहिणार कसं? ठोके मोजून देणाऱ्या मेल्त्सेलच्या मेट्रोनोम यंत्राला पेटंट मिळालं १८१५ मध्ये, मोझार्ट गेल्यावर चोवीस वर्षांनी. गणितही करून बघा. या भागात ९८ मात्राखंड आहेत, प्रत्येकी तीन ठोके, म्हणजे २९४. मिनिटाला साठ धरले तर सगळं पाच मिनिटांच्या आत आटपेल. प्रत्यक्षात बहुतेक वादक सातच्या आसपास मिनिटं घेतात, म्हणजे बेचाळीसेक ठोके. एवढ्या संथ हृदयाच्या माणसाला मी क्लिप पाठवण्याऐवजी डॉक्टरकडे पाठवीन.

राहिली मृत्युशय्या. मोझार्ट गेला ५ डिसेंबर १७९१ ला, अंथरुणाला खिळला नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. कॉन्चेर्तो पुरा होत आला तो ऑक्टोबरमध्ये. ७ ऑक्टोबरला त्याने पत्नी कॉन्स्टान्झेला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो, की तू गेल्यावर एकट्यानेच बिलियर्ड्सचे दोन डाव खेळलो, तट्टू चौदा डुकाटना (सोन्याच्या नाण्यांना) विकलं, काळी कॉफी मागवली, मस्त पाइप ओढला आणि मग स्टॅडलरच्या रोंडोचा जवळजवळ सगळा वाद्यमेळ लिहून काढला. रोंडो म्हणजे याच कॉन्चेर्तोचा शेवटचा भाग. त्याचा ‘मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा रंगमंचावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि थिएटर भरत होतं. मरण डोळ्यांसमोर असलेला माणूस तट्टाचा भाव इतक्या खुशीत कळवत नाही.

‘शेवटची रचना’ हेही नाही. शेवटचा कॉन्चेर्तो म्हणा, बरोबर. पण त्याने स्वतः ठेवलेल्या रचनांच्या यादीत यानंतर फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींसाठी लिहिलेली छोटी कँटाटा (गायनरचना) आहे, तारीख १५ नोव्हेंबर. अपुरं रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

हा निरोपाचा रंग चढला कसा, याचा मला अंदाज आहे. १९८५ च्या ‘आउट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटात हाच भाग वापरलाय. तो पाहिलेल्याला इथे विरहाशिवाय दुसरं काही ऐकू येणं कठीण आहे. मलाही बरीच वर्षं येत नव्हतं.

तरीही ज्यांना मरणच ऐकू येतं त्यांनी मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट (पाच वाद्यांची रचना) लावावं, सूचीतला क्रमांक के. ५८१. तेही स्टॅडलरसाठीच, आणि कॉन्चेर्तोसारखंच ए मेजरमध्ये. त्याचा संथ भागही डी मेजरमध्ये, तालही तीनाचा, आणि क्लॅरिनेटखाली तंतुवाद्यांची तीच मऊ गादी. दोन्ही भाग एकापाठोपाठ लावले तर सख्खी भावंडं वाटतात. त्या क्विंटेटवर तारीख आहे २९ सप्टेंबर १७८९.