दहापैकी दहाची शाळा आणि घराचा पत्ता: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. पहिलं घर घ्यायला निघालेल्या तरुण जोडप्यांना तो आवर्जून पाठवला जातो. त्याचा आशय असा: घर लहान चालेल, जुनं चालेल, ऑफिस तासभर लांब चालेल, पण शाळेचं रेटिंग नऊ-दहाच हवं. मिश्र वस्तीच्या शाळेत मुलांची पातळी घसरते. आपले लोक असतील तिथेच घ्या, मुलं वळणावर राहतात. चांगल्या डिस्ट्रिक्टमधल्या घराची किंमत कधी पडत नाही. आणि नामांकित कॉलेजचा रस्ता अशाच हायस्कुलातून जातो. (इथे मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरतं; त्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाला डिस्ट्रिक्ट म्हणतात.)

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण यातलं एकही विधान तपासून पाहिल्यावर जसंच्या तसं टिकत नाही. त्याच्या भरवशावर लोक तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात, म्हणून एकेक विधान घेऊन लिहिते आहे.

'रेटिंग दहा म्हणजे शाळा उत्तम'

झिलोसारख्या साइटवर घराच्या माहितीखाली शाळेचा एक ते दहा असा जो आकडा दिसतो, तो ग्रेटस्कूल्स या ना-नफा संस्थेचा असतो. कितीतरी वर्षं हा आकडा प्रामुख्याने राज्याच्या परीक्षेतल्या गुणांवर ठरत असे. आणि परीक्षेतले गुण मुलाच्या घराशी किती घट्ट बांधलेले असतात, हे 1966 च्या कोलमन अहवालापासून, म्हणजे शाळांतल्या विषमतेच्या सरकारी पाहणीपासून, अमेरिकेत माहीत आहे. आईवडील दोघंही उच्चशिक्षित, घरात पुस्तकं, चौथ्या वर्षापासून वाचन, शनिवारी गणिताचा क्लास. असं मूल बालवर्गात पाऊल टाकतं तेव्हाच पुढे असतं. अशी मुलं जिथे जास्त, त्या शाळेचा आकडा मोठा. शिक्षकांनी त्यात किती भर घातली, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे गुण एकत्र करून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: मुलं तिसरीत कुठे आहेत, आणि तिथून आठवीपर्यंत किती पुढे सरकतात. पहिल्या गोष्टीचा वस्तीच्या मिळकतीशी दाट संबंध निघाला, दुसऱ्या गोष्टीचा फारच थोडा. सगळ्यात बोलकं उदाहरण शिकागोचं. 2009 ते 2014 या काळात तिथल्या सरकारी शाळांतल्या मुलांनी तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांइतकी प्रगती केली. सरासरी गुण बघून शिकागोच्या वाटेलाही न जाणाऱ्या कुटुंबांना हे कधी कळलंच नाही.

मेरीलँडमध्ये तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तिथे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) म्हणजेच डिस्ट्रिक्ट. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामधल्या हॉवर्ड काउंटीत पश्चिमेकडच्या मोठमोठ्या घरांची शाळा आणि कोलंबियातल्या टाउनहाऊस-अपार्टमेंटांची शाळा एकाच बोर्डाखाली, म्हणजे डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या मंडळाखाली, येतात. अभ्यासक्रम तोच, शिक्षकांची वेतनश्रेणी तीच. तरीही रेटिंग वेगळं आणि घरांच्या किमतीही वेगळ्या. मग रेटिंगने मोजलं काय? तिथे कोण राहतं ते.

2019 मध्ये चॉकबीट या शिक्षणविषयक वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की ग्रेटस्कूल्सचे आकडे पालकांना कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं कमी असलेल्या शाळांकडे ढकलतात. त्यानंतर 2020 मध्ये संस्थेने आपलं सूत्र बदललं आणि मुलांच्या प्रगतीला अधिक वजन दिलं. हे चांगलंच झालं, पण परीक्षेच्या गुणांचा वाटा राहिलाच. म्हणून एकत्रित आकड्यावर थांबू नका. तो आकडा उघडून आत प्रगतीचा वेगळा गुण दिला आहे का बघा. सहाची शाळा प्रगतीत आठ आणि नऊची शाळा प्रगतीत पाच, असंही सापडू शकतं. मी असते तर पहिली निवडली असती.

रिअल्टरला, म्हणजे घरांच्या दलालाला, विचारून यातलं काही कळणार नाही, हेही लक्षात ठेवा. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश वा मूळ देश पाहून ग्राहकाला अमुक वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे. त्यामुळे जबाबदार रिअल्टर शाळेबद्दल मत देत नाही, साइट बघा म्हणतो. साइटवर तोच आकडा. न बोललेली निवड अशी आकड्याच्या तोंडून होते.

'मिश्र शाळेत पातळी घसरते'

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य, आणि पुराव्यावरही ते सगळ्यात कच्चं आहे.

शाळेची सरासरी कमी असणं आणि तुमच्या मुलाचं शिक्षण कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक राज्य शाळांची अधिकृत प्रगतिपत्रकं प्रसिद्ध करतं. त्यांत गटवार निकाल असतात: अल्प उत्पन्न गटातली मुलं, बाकीची मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं, वंशवार आकडे. तुमच्या घरासारख्या घरांतली मुलं दोन्ही शाळांत कशी करतात, एवढंच पडताळा. सरासरीत दिसणारी दरी या तुलनेत अनेकदा बरीच आटते. ज्या शाळेत निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात तिची इंग्रजीची सरासरी खाली असणारच. त्याने शेजारच्या बाकावरच्या मुलाचं वाचन बिघडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी वंशभेद मोडून एकत्र केलेल्या शाळांतल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण वाढलं, पुढे मिळकत वाढली, आरोग्यही सुधारलं. गोऱ्या मुलांचं काही नुकसान झालं नाही. मेरीलँडच्याच माँटगोमेरी काउंटीत 1974 पासून कायदा आहे की नव्या मोठ्या गृहप्रकल्पांत काही घरं परवडणाऱ्या दरात ठेवायची. त्यांतली काही काउंटीच्या गृहनिर्माण संस्थेने घेऊन गरीब कुटुंबांना भाड्याने दिली. कोणाला कुठलं घर, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. हेदर श्वार्ट्झ यांनी 2010 मध्ये त्या मुलांचा अभ्यास मांडला. सुस्थितीतल्या शाळांत गेलेली गरीब मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली, अगदी काउंटीने जास्त पैसा ओतलेल्या गरीब शाळांतल्या मुलांपेक्षाही. एकत्र शिकण्याने एवढं होतं, आणि आपण त्यालाच धोका म्हणतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शाळा कागदावर मिश्र आणि आतून विभागलेली असू शकते. फाटक एकच, पण 'गिफ्टेड'च्या, म्हणजे हुशार ठरवलेल्या मुलांच्या वर्गात एका रंगाची मुलं आणि साध्या वर्गात दुसऱ्या. म्हणून शाळेच्या एकूण टक्केवारीवर खूश होऊ नका. प्रगत गणिताच्या वर्गात आणि एपीच्या (हायस्कुलातल्या कॉलेज-पातळीच्या) विषयांत कोण बसतं, निलंबन कोणाचं होतं, हे विचारा. केंद्र सरकार नागरी हक्कांसाठी शाळांकडून ही माहिती गोळा करतं आणि ती कोणालाही बघता येते. शाळा खरोखर कमकुवत असू शकते हेही खरं: शिक्षक दरवर्षी सोडून जातात, मुख्याध्यापक टिकत नाही, प्रगतीचा गुणही तळाशी. अशा शाळेत तत्त्वासाठी मूल घाला असं मी कोणालाच सांगणार नाही. पण तिचं वाईट असणं या खुणांवरून ठरतं, मुलांच्या रंगावरून नाही.

या वस्त्या अशा आपोआप झालेल्या नाहीत. कृष्णवर्णीयांना कर्ज नाकारून, त्यांना घर न विकण्याच्या अटी करारांत घालून त्या तशा ठेवल्या गेल्या. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, पण 1974 च्या डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एकीकरण डिस्ट्रिक्टच्या सीमेपाशी अडवलं. उपनगरांचा दोष सिद्ध होत नसेल तर त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही, असा तो निकाल. तेव्हापासून सीमा हीच भिंत झाली. न्यू जर्सीत तर सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. आणि आपल्यासारख्यांना या देशाचं दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965 च्या स्थलांतर कायद्याने, नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून काढला त्याच वर्षांत. ज्यांच्या लढ्यामुळे आपण इथे येऊ शकलो, त्यांच्याच नातवंडांसोबत आपली मुलं बसली तर पातळी घसरते, असं लिहिताना हात अडखळायला हवा.

'आपले लोक असतील तिथेच घ्या'

आपल्या माणसांची ओढ मला पूर्ण समजते. गणपती, दिवाळी, अडीनडीला मूल सांभाळणारी शेजारची काकू, हे सुख मोठं आहे. पण त्यासाठी संपूर्ण शाळा एकाच साच्याच्या घरांची असावी लागत नाही. मराठी शाळा रविवारी भरते, तिथे वीस मैलांवरूनही मुलं येतात.

साचा एकच झाला की काय होतं, ते न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोने पाहिलं. डिस्ट्रिक्ट नामांकित, विद्यार्थ्यांत आशियाई कुटुंबांतली मुलं बहुसंख्य, भारतीयही खूप. 2015 मध्ये अधीक्षक डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं: मुलांवरचा ताण हाताबाहेर चालला आहे. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठाशिवायच्या रात्री ठरल्या. त्यावर पालकांत फूट पडली, आणि विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे पुष्कळ होते. पुढे 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात अतिस्पर्धेच्या शाळांतली मुलं जोखमीच्या गटात मोडली गेली. मुलं वळणावर राहतात म्हणताना हेही मोजायला नको का?

'किंमत कधी पडत नाही'

चांगल्या शाळेमुळे घर महाग होतं, हे खरं. सँड्रा ब्लॅक यांनी 1999 मध्ये बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं तपासली. परीक्षेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे 2.5 टक्के जास्त मोजतात, असं दिसलं. पण हा जादा दाम खरेदीच्या दिवशी तुम्ही देता. तो नफा नाही. विकताना तो परत मिळेलच असंही नाही, कारण शाळेची हद्द घराच्या खरेदीखतात लिहिलेली नसते.

हॉवर्ड काउंटीच घ्या. कोलंबिया हे गाव जेम्स राऊस यांनी 1967 मध्ये उभारलं तेच मुळी सगळ्या वर्णांची, सगळ्या मिळकतींची कुटुंबं शेजारी राहावीत म्हणून. पन्नास वर्षांनी त्याच काउंटीत काही शाळा दाटीने भरल्या, काही रिकाम्या, आणि गरीब मुलं मोजक्या शाळांत साचलेली. 2019 मध्ये बोर्डाने हद्दी नव्याने आखल्या आणि पाच हजारांहून जास्त मुलांच्या शाळा बदलल्या. विरोध प्रचंड झाला, आंदोलनात आशियाई पालकही मोठ्या संख्येने होते. 'आम्ही या शाळेसाठी पैसे मोजलेत' हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं. माणसांचा संताप खरा होता, पण घर विकत घेतलं म्हणजे शाळेतली जागा विकत घेतली, असं कुठल्याही कायद्यात नाही.

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत दुसरंच झालं. शाळांमुळे घरं इतकी महागली की लहान मुलं असलेली कुटुंबं येईनाशी झाली, पटसंख्या घसरली आणि 2022 मध्ये प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या.

शिवाय दरवर्षीचा प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीत तो घरामागे सरासरी 10,000 डॉलरच्या घरात आहे. आवाक्याबाहेरच्या डिस्ट्रिक्टसाठी दोघांनी रोज तीन तास गाडीत काढायचे आणि संध्याकाळी मुलांशी बोलायला वेळ नाही, असा हिशेब असेल तर तो चुकतो आहे.

'कॉलेजचा रस्ता इथूनच जातो'

टेक्सासमधल्या पालकांनी तरी हे बोलू नये. तिथे 1997 पासून कायदा आहे की प्रत्येक हायस्कुलातल्या वरच्या 10 टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठासाठी ही मर्यादा आवळत आवळत 2026 च्या प्रवेशासाठी 5 टक्क्यांवर आणली आहे. जिथे प्रत्येक घरात क्लास लावलेला असतो, तिथे हुशार मूलही या 5 टक्क्यांतून सहज निसटतं. तेच मूल मिश्र हायस्कुलात वरच्या रांगेत राहिलं असतं. इतर राज्यांतही अर्ज वाचणारे मुलाने आपल्या शाळेत उपलब्ध संधींचं काय केलं ते पाहतात.

मग घर बघायला निघाल्यावर काय करावं? आधी राज्याचं प्रगतिपत्रक उघडा: गटवार निकाल आणि वर्षागणिक प्रगती. मग शाळेला भेट द्या आणि डबा खायच्या वेळी जा. कोण कोणाबरोबर बसतं ते पाहिलं की आतली विभागणी लगेच कळते. शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारा. गणिताच्या पुढच्या वर्गात जायला कधी आणि कशी संधी मिळते, हेही विचारा. जी शाळा सहावीतच दार बंद करते तिच्यापासून जपून राहा. मिश्र आणि चांगल्या शाळा शोधल्या की सापडतात. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरने तर 1970 च्या दशकापासून शाळा घराच्या पत्त्याशी बांधलेलीच नाही. पालक पसंतीक्रम देतात आणि गावभरची मुलं सगळ्या शाळांत विखुरतात.

जमल्यास त्या भागात वर्षभर भाड्याने राहून बघा. आणि सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर घराचा नेमका पत्ता टाकून शाळा तपासा, कारण घरांच्या साइटवरची हद्द जुनी असू शकते. बोर्डाच्या गेल्या वर्षभरातल्या सभांचे व्हिडिओ बहुधा उपलब्ध असतात. हद्दी बदलायची चर्चा सुरू असेल तर ती तिथे ऐकू येईल.