क्रीपरवाला डबा घेऊ नका

पोळ्याच्या आधीपासून आमच्या नागपुरात बर्डीवरच्या खेळण्यांच्या दुकानांत जोडायच्या प्लास्टिकच्या विटांचा एक मोठा हिरवा डबा दिसून राहिला आहे. वर चौकोनी डोक्याचा माणूस, हातात कुदळ, मागे चौकोनी झाडं आणि कोपऱ्यात तो रडक्या तोंडाचा हिरवा राक्षस, क्रीपर. माइनक्राफ्ट हे त्या व्हिडिओ गेमचं नाव डब्यावर कुठेच नाही, पण त्याची गरजही नाही. घरात आठ-बारा वर्षांचं पोट्टं असेल तर ते रस्त्याच्या पलीकडूनच ओळखतं. तुकडे 502, किंमत 1,899 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि दुकानाचंही नाही, कारण दुकानदार काही प्रत्येक डबा फोडून बघत नसतो. एवढंच सांगतो की हा डबा दिसला तर पुढे चला.

निकृष्ट खेळणी आपण सगळ्यांनीच घेतलीत. जत्रेतली पिपाणी घरी येईपर्यंत वाजली तरी पुष्कळ. तिच्याबद्दल कोणी पोस्ट लिहीत नाही. हा डबा माझ्या डोक्यात गेला तो वेगळ्या कारणाने. ज्यांनी तो बनवला त्यांनी गेमचं चित्र पाहिलं, गेम पाहिलाच नाही.

ज्यांच्या घरात हा गेम अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्कुस पर्सन नावाच्या स्वीडिश प्रोग्रॅमरने 2009 मध्ये तो सुरू केला, पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर 2011 मध्ये आली, 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. 2023 पर्यंत 30 कोटींहून जास्त प्रती खपल्या. आणि दिसायला कसा? आपल्या लहानपणीच्या टीव्ही गेमसारखा ओबडधोबड. तरी पोरं त्याला का चिकटतात हे मला भाच्याच्या शेजारी बसल्यावर कळलं. तिथे सगळं जग एक-एक मीटरच्या ठोकळ्यांचं आहे आणि त्यातला जवळजवळ कुठलाही ठोकळा फोडून दुसरीकडे लावता येतो. झाड तोडलं की ओंडका मिळतो, एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात, चार फळ्यांचं एक टेबल होतं, त्या टेबलावर कुदळ बनते आणि कुदळ हातात आली की डोंगर तुमचा. घर आवडलं नाही? फोडा. नदी आडवी आली? बुजवा. कोणी रागवत नाही. गंमत सगळी या फोडण्यात आणि परत लावण्यात आहे. चौकोनी डोकं हा नुसता वेष झाला.

आता डबा. भाच्याने तो तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्यातून घेतला. नागपूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी जातात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर पैसे ठेवतात, तो बोजारा. मागच्या वर्षीचा राखून ठेवलेला आणि यंदाचा, असा दोन वर्षांचा बोजारा या डब्यात गेला. त्याच दिवशी शहरातून मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे मोठाले पुतळे मिरवतात, आणि महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांना 'घेऊन जा गे मारबत' होतं. डबा आदल्या दिवशी उघडला असता तर एक घोषणा मीही दिली असती.

उघडल्यावर पहिली गोष्ट हाताला लागली ती भिंत. अख्खी भिंत. खिडकीसकट एका तुकड्यात ओतलेली, वर रेघा मारून ठोकळे असल्याचा आव आणलेला. अशा चार भिंती, एक छप्पर, एक डोंगर. डोंगरसुद्धा आतून पोकळ आणि एकसंध! मग 502 तुकडे आले कुठून? गवताची पाती, इवलीशी फुलं, मशाली, कुंपणाच्या काड्या आणि न संपणारे एक-टोपीचे बारके मणी (टोपी म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा). मोजून भरलेत, खोटं काही नाही. पण ज्यांच्यातून काही उभारता येईल असे तुकडे वेगळे काढले तर एका वाटीत मावतात.

भाचा थोडा वेळ भिंत हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "मामा, हे तर निघूनच नाही राहिलं. मग दरवाजा इकडून पाडायचा असला तर?"

पाडता येत नाही. डब्यावर दाखवलेलं घर करायचं आणि शोकेसमध्ये ठेवायचं, एवढीच सोय. आता आमच्या घरचा नंदी अख्ख्या लाकडाचा आहे, माझ्या आजोबांच्या वेळचा. त्याला तोडून हत्ती करता येत नाही ही त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही, कारण तो तसं काही कबूल करत नाही. या डब्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलंय की हवं ते बनवा.

साध्या विटांत किती दम असतो याचा एक हिशेब ऐका. दोन गुणिले चार टोप्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा एकमेकींवर 24 प्रकारे बसतात. तशाच सहा विटा घेतल्या तर 91,51,03,765 रचना होतात. कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढलेला आकडा आहे हा. सहा विटा, खिशात मावतील एवढ्या. आणि इथे एकोणीसशे रुपयांच्या डब्यात एक घर.

हे जमूच शकत नाही असंही नाही. अशा विटांसाठीच नावाजलेल्या लेगो कंपनीने या गेमवरचा पहिला सेट 2012 मध्ये काढला होता, तोही चाहत्यांनी सुचवून, 10,000 मतं गोळा करून. तळहाताएवढा डोंगर, पण वरचा थर उचलला की खाली खाण दिसायची, आणि त्याचे भाग कसेही शेजारी-शेजारी लावता यायचे. छोटाच होता, पण कोणीतरी गेम खेळून बनवला होता हे कळायचं.

"अरे, लेगोची नक्कल आहे, मग काय अपेक्षा ठेवायची?" असं कोणी म्हणेल. नकलेवर माझा राग नाही. त्या विटेचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं, ते कधीच संपलं. विटेचा आकार हा तिच्या कामाचा भाग आहे, त्यावर ट्रेडमार्क मिळणार नाही, असं युरोपियन न्यायालयानेही 2010 मध्ये सांगून टाकलं. तेव्हा कोणीही तशा विटा बनवाव्यात आणि बनवणाऱ्यांत चांगले लोकही आहेत. फक्त नक्कल मापाची करावी लागते, आणि इथून पुढे माझ्या धंद्याचा विषय सुरू होतो.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. प्लास्टिकचे साचे हे आमचं रोजचं काम. ताई म्हणालीच, "पोराचं खेळणं आहे, तू काऊन इतकं डोकं लावून राहिला?" पण बारीक माप घ्यायचा व्हर्निअर बॅगेतच होता.

तर माप असं असतं. टोपीचा व्यास 4.8 मिलिमीटर. एका टोपीपासून दुसरीपर्यंत 8 मिलिमीटर. विटेची उंची 9.6. चार टोप्यांची वीट लांबीला 32 हवी, पण ती 31.8 ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना 0.1 मिलिमीटर मोकळं, शेजारची वीट घासायला नको म्हणून. सगळा खेळ या 0.1 मध्ये आहे. टोपी किंचित मोठी झाली तर वीट बसत नाही, बसली तर निघत नाही. किंचित बारीक झाली तर भिंत फुंकरीने पडते. पोराच्या बोटाने लागेल आणि पोराच्याच बोटाने सुटेल, अशी पकड साधणं ही साच्याच्या कामातली फार कठीण गोष्ट आहे. लेगोचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत अचूक असतात ते हौस म्हणून नाही.

या डब्यात एकाच रंगाच्या तुकड्यांत मला 4.7 पासून 4.9 पर्यंत टोप्या मिळाल्या. करडे दगड सैल, तपकिरी फळ्या इतक्या घट्ट की भाच्याने दात लावले. असं का होतं तेही सांगतो. अशा विटा ज्याच्या ओततात ते एबीएस प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. 31.8 वर अर्धा टक्का म्हणजे जवळपास 0.16 मिलिमीटर, म्हणजे आपल्या त्या 0.1 पेक्षा जास्तच. हे धरूनच साचा थोडा मोठा कापतात. पण मालात जुना चुरा वाटेल तसा मिसळला, किंवा नग जास्त निघावेत म्हणून तुकडा गरम असतानाच साच्यातून बाहेर काढला, की तो बाहेर येऊन आपल्या मनाने आकसतो, वाकडाही होतो. कडेला जी पातळ पापुद्र्यासारखी झालर दिसते तिला आम्ही फ्लॅश म्हणतो. साचा नीट मिटत नाही किंवा झिजलाय, याची ती खूण. डोंगराच्या तुकड्याला फ्लॅश इतकी धारदार होती की मी आधी ब्लेडने काढली, मग तुकडा पोराच्या हातात दिला.

आणि हो, "नागपूरच्या उन्हाने वाकलं असेल" हे कॉमेंटमध्ये लिहू नका. आपल्या 45-46 डिग्रीला एबीएस ढुंकूनही विचारत नाही.

क्रीपरवर दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. गेममधला हा हिरवा राक्षस चुकून जन्माला आला. पर्सन डुक्कर बनवत होता, लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट पडले आणि हा उभा प्रकार तयार झाला. आकडे चुकूनही तिकडे जगप्रसिद्ध पात्र मिळालं, इकडे आकडे चुकून पायच बसत नाहीत. तोंड छापलेलं नाही, स्टिकर दिलंय, तेही पोराने स्वतः लावायचं. लागलं तिरपं. आता तो रडका न दिसता दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखा दिसतो. घरात कोणाला आवडलं असेल तर ते तेवढंच.

पैशाची बाजू मला कळते. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. नावाजलेला सेट बघायला गेलं की किंमत बघूनच आपण काचेवरून हात काढून घेतो. म्हणून हे मधले डबे खपतात, आणि इथे बनून खपावेत असंच मलाही वाटतं, माझी भाकरी त्याच धंद्यावर आहे. आमच्या लाइनमध्ये हे माप राखणारी माणसं आहेत, साचे कापणारी यंत्रं आहेत. पण साच्यावर आणि मालावर पैसा वाचवायचा आणि डब्याच्या छपाईवर उधळायचा, हे धोरण असलं की असा माल निघतो. डब्याची छपाई खरंच सुंदर आहे.

1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. या डब्यावर मला तो सापडला नाही. मी शोधला, भाऊजींनी चष्मा लावून शोधला. भाऊजींनी पुढे आणखी एक काम केलं. सैल भिंती पडतात म्हणून मी घरी गेल्यावर त्यांनी सगळं घर फेविक्विकने चिकटवून टाकलं. आता ते कोणालाच फोडता येणार नाही. भाचा माझ्याशी फोनवर बोलला तेव्हा त्याचा आवाज ऐकण्यासारखा होता.

कोणी विचारेलच की मग घ्यायचं काय. कुठल्याही गेमचं, सिनेमाचं चित्र नसलेला साध्या विटांचा डबा घ्या. मागच्या बाजूला तुकड्यांचा फोटो असतो तो बघा, मोठे पाट दिसले तर परत ठेवा. दुकानात नमुना उघडा असेल तर दोन विटा जोडून एक हातात धरा आणि हलवा, खालची पडली तर नको. आयएसआय मार्क बघा. तुमच्या नात्यात कोणाचं पोर आता कॉलेजात गेलं असेल तर माळ्यावर विटांची जुनी पिशवी नक्की असेल, ती आधी मागा. आम्हाला चुलतभावाकडून तशी मिळाली. दहा-बारा वर्षं जुन्या विटा, कोमट पाण्यात साबण घालून धुतल्या, आजही कटकन बसतात. त्यातून भाच्याने जे काही उभारलंय त्याला तो किल्ला म्हणतो, ताई त्याला पसारा म्हणते.

त्या हिरव्या डब्यातला एकच तुकडा त्याने वापरायला घेतला, खालचा गवताच्या रंगाचा बेसप्लेट. तो मात्र सपाट आहे, माप बरोबर आहे, विटा धरतो. तसाच आणखी एक सुटा कुठे मिळत असेल, बर्डीवर किंवा इतवारीत, तर कॉमेंटमध्ये सांगा. किल्ला प्लेटच्या बाहेर चाललाय.